वचनांची हजेरी

महाराष्ट्र राज्य होऊन दुसरं वर्ष चालू होतं, त्या नाताळात पुष्पाचा बाप्तिस्मा झाला आणि तिसऱ्या दिवशी लग्न. एकाच आठवड्यात नवा देव, नवा नवरा आणि नवी सासू अशी तिघं तिला मिळाली. नवरा शांतवन लगेच खामगावच्या कापसाच्या जिनावर कामाला परतला आणि देवाशी बोलायची तिला अजून सवय नव्हती, त्यामुळे बोलणं व्हायचं ते सासूशीच.

उंद्रीपासून कोसभरावरच्या त्या वस्तीत ख्रिस्ती घरं वीस-बावीस, आणि त्यांच्या कौलारू देवळात एक जुनी रीत होती. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्याला बायबलातलं जे वचन मिळे, ते जन्मभर त्याचं. दर रविवारी म्हातारे उपदेशक कारभारी मास्तर वहीतून एकेक नाव पुकारत, सगळ्यांनी डोळे मिटलेले असत, आणि ज्याचं नाव येई त्याने आपलं वचन म्हणायचं. हीच हजेरी. सासूचं, सोजराबाईचं, वचन मेंढपाळाचं होतं, शेजारच्या भिमाबाईचं दिव्याचं, आणि पुष्पाला मिठाचं मिळालं होतं. "सैपाकातलंच हाय, इसरशीन नाही," सोजराबाई तेव्हा हसून म्हणाली होती.

नाताळ सरला, वेचणीला जोर आला, आणि देऊळ ओस पडलं.

"नाताळ झाला ना बाई, आता कापूस," सोजराबाई वेचणीची ओटी कमरेला बांधत म्हणाली. "देव काय पळून जाऊन राह्यला? तू जाय. घरातलं एक माणूस गेलं म्हंजे झालं."

त्या रविवारी सतरंजीवर पाच-सहा जण होते. पुष्पाने डोळे मिटले. भिमाबाईचं नाव आलं, आणि नेहमीसारखी मधल्याच शब्दाला अडखळत भिमाबाई बोलली. सोजराबाईचं नाव आलं, आणि पाठीमागून, तिच्याच त्या जराशा नाकातल्या आवाजात, मेंढपाळाचं वचन आलं. म्हातारीचं मन बदललं वाटतं, असं पुष्पाच्या मनात आलं आणि तिला बरंही वाटलं. आमेन झाल्यावर तिने वळून पाहिलं. मागे नुसती सतरंजी होती, आणि भिमाबाई तर कुठेच नव्हती.

सोजराबाई दिवस कलताना शेतातून आली. तिचा घसा बसला होता. दुसऱ्या दिवशी विहिरीवर भिमाबाईही कुजबुजतच बोलली, "थंडीनं बसला वो. बिनकामाचा तर होता, बरं झालं." आणि आवाज न करता हसली.

पुढच्या रविवारी देवळात मास्तर आणि पुष्पा, दोघंच. मास्तरांनी सगळी नावं पुकारली आणि सगळी वचनं आली, म्हाताऱ्यांची, पोरींची, खामगावला असलेल्या शांतवनाचंसुद्धा, खोकल्याखाकरण्यासकट. पुष्पाने डोळे इतके घट्ट मिटले होते की कपाळ दुखू लागलं.

"मास्तर," ती नंतर म्हणाली, "देवळात तर आपण दोघंच होतो."

मास्तर चष्मा पुसत होते. "हजेरी तर पुरी लागली बाई."

"पण माणसं कुठं हायेत?"

"ज्याचं वचन आलं, तो आला."

एव्हाना वस्ती गप्प झाली होती. सोजराबाई शेळीला टाळ्या वाजवून बोलवायची. संध्याकाळी पुष्पाने तिच्या पायाशी बसून विचारलं, "आत्याबाई, तुमचं मेंढपाळाचं वचन म्हणा ना."

सोजराबाईने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात भीती नव्हती, काहीच नव्हतं. "कोणतं वो?" ती पुटपुटली.

त्या क्षणी पुष्पाने ठरवलं, काही झालं तरी एकही रविवार चुकवायचा नाही.

मग नांदुऱ्याहून आईचं पत्र आलं. पहिली संक्रांत, रविवारीच. 'हलव्याचे दागिने करून ठेवले, काळी साडी घेतली. एका दिवसानं तुया देव रागावणार हाय काय? कोणाले सांगू नको, गुपचूप ये.' पत्र पुष्पाने तीन वेळा वाचलं. कुंकू लावलेल्या बाया, वाण, तिळाचा वास, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे माणसांचा गलका. आठवडाभरात कोणी तिला मोठ्याने हाकही मारली नव्हती.

पण रविवारी ती देवळातच गेली. उपासना संपली की दहाची बस मिळेल, दोन्हीकडचं जमेल, असा तिचा हिशेब होता. पिशवी तिने दाराबाहेर ठेवली आणि सतरंजीवर बसून डोळे मिटले. मास्तर नावं घेऊ लागले तेव्हा ती मनाने स्टँडावर उतरून आईच्या गल्लीत शिरली होती, आणि आई उंबऱ्याशी उभी राहून तिच्या गळ्यात हलव्याचा हार घालत होती.

"पुष्पाबाई."

तिने दचकून तोंड उघडलं. मिठाचं वचन ऐकू आलं, तिच्याच आवाजात, स्पष्ट, कुठेही न चुकता, तिने कधी म्हटलं नव्हतं इतक्या श्रद्धेने. ते तिच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावरून आलं होतं.

तिने डोळे उघडले. मास्तर, मी इथं हाय, असं ती म्हणाली. ओठ हलले, एवढंच.

मास्तरांनी वहीवरून मान वर केली, तिच्या शेजारच्या रिकाम्या सतरंजीकडे पाहून मायेने हसले, म्हणाले, "शाब्बास बाई," आणि पान उलटलं.