बी साइडची शेवटची चार मिनिटं

मी एक कॅसेट बोलतेय. बोलणं हा माझा जन्माचा धंदा, पण बत्तीस वर्षं मला कोणी तोंड उघडू दिलं नाही. तेव्हा बोलताना थोडी कडवट वाटले तर समजून घ्या.

माझा जन्म त्र्याण्णव सालचा. कारखान्यात माझ्यासारख्या हजारो बहिणी एकाच दिवशी जन्मल्या आणि प्रत्येकीच्या पोटात त्याच एका परदेशी गायिकेची बारा गाणी भरली गेली, एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. माझ्या कव्हरवर ती बाई पिवळा कोट घालून डोळे मिटून उभी आहे. त्या गाण्यांना पॉप म्हणायचे, सोल म्हणायचे. मला विचाराल तर ती बाई ठेक्यात रडायची. दुसऱ्या बाजूची गाणी जरा आखूड होती, म्हणून शेवटी चार मिनिटांची कोरी फीत उरली. ही चार मिनिटं लक्षात ठेवा.

मी इंदूरला आले. राजवाड्यामागच्या गल्लीत सुधाकरजींचं कॅसेटचं दुकान होतं. खालच्या फळ्यांवर भजनं आणि सिनेमाची गाणी, आणि मी सगळ्यात वर, धुळीच्या शेजारी. इंग्रजी गाणी विचारणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं यायचं.

काउंटरवर पुष्कर बसायचा. एकवीस वर्षांचा, हसरा आणि बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. वडील दिवाकरराव कापडगिरणीत कारकून होते. गिरणी आज बंद पडते की उद्या, अशी अवस्था होती आणि त्यांचा सगळा जीव मुलाच्या डिग्रीत अडकला होता. पुष्करला एक बहीण होती, अमिता. सतरा वर्षांची. कॉलेज सुटलं की ती दुकानात यायची आणि बोट वर करून मला मागायची.

"दादा, एक गाणं तर लाव ना रे! फक्त एक."

"अमे, सील तोडलं तर सुधाकरजी माझं सील तोडतील. बघ आणि ठेव."

मग ती माझ्या पाठीवरची गाण्यांची नावं वाचायची. वाचून वाचून तिला ती पाठ झाली. गाणं माहीत नाही, पण नावाला ती आपलीच चाल लावायची आणि पायरीवर बसून गुणगुणायची. मला हसू यायचं. एकही चाल बरोबर नव्हती.

श्रावणात दिवाकररावांना कळलं की पुष्कर शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलाच नव्हता. ते तडक दुकानात आले. शब्दाने शब्द वाढला आणि त्यांनी गिऱ्हाइकांसमोर मुलाच्या थोबाडीत मारली. "कॅसेटी विकणारा मुलगा मला घरात नको," असं म्हणाले आणि निघून गेले. पुष्करने खाली पडलेल्या कॅसेटी उचलून जागेवर लावल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुधाकरजी जेवायला गेले तेव्हा त्याने शटर अर्धं ओढलं आणि मला खाली काढलं. किमतीचे पैसे गल्ल्यात टाकले. मग अलगद माझं वेष्टन उतरवलं. विकतच्या कॅसेटवर कोणी चुकून दुसरं काही भरू नये म्हणून आमच्या पाठीवर खाचा असतात. त्या खाचेवर कागदाचा तुकडा चिकटवला की आमच्यावर हवं ते भरता येतं. पुष्करने तुकडा चिकटवला, दुकानातल्या टेपरेकॉर्डरवर बी साइडचं शेवटचं गाणं संपतं तिथे मला आणलं, आणि तो बोलायला लागला. त्याचा एक एक शब्द माझ्या अंगावर आहे.

"अमे, सुन. तू हे ऐकशील तोपर्यंत मी निघून गेलो असेन. रडायचं नाही, ड्रामा करायचा नाही. चिठ्ठी लिहिली असती, पण आपल्या घरात चिठ्ठी बाबांच्या हातून सुटते का? मी सुरतला जातोय, ऋषभकडे. कॉलेजातला मित्र, घरी कोणाला माहीत नाही. पत्ता दोनदा सांगतो, लिहून घे."

त्याने पत्ता सावकाश, दोनदा सांगितला.

"बाबांचा राग उतरला की त्यांना विचार. ते एकदा नुसतं 'ये' म्हणाले ना, तर तू पत्र टाक. मी दुसऱ्याच दिवशी गाडीत. दिवाळीपर्यंत वाट बघेन. पत्र नाही आलं तर समजून जाईन की नाही म्हणाले. मग मी कोणाला त्रास देणार नाही, कधीच. आईला सांग, जेवतोय म्हणून."

मग त्याने मला परत वेष्टनात घातलं आणि मेणबत्तीच्या आचेवर कडा चिकटवल्या. दुकानात हे काम त्याच्या हातचा मळ होतं. मी पुन्हा नवी कोरी दिसायला लागले. त्याच्या या सफाईचा मला आजही राग येतो.

सकाळी त्याने मला अमिताच्या हातात ठेवलं. तिचा विश्वासच बसेना.

"शेवटपर्यंत ऐक हं," तो म्हणाला. "अर्ध्यात बंद करायची नाही. शेवटपर्यंत."

तिला वाटलं, दादा गाण्यांचं कौतुक करतोय.

त्या दिवशी ती मला ऐकू शकली नाही, कारण दिवाकररावांनी रागाच्या भरात घरातला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं यंत्र, कपाटात घालून किल्ली खिशात टाकली होती. संध्याकाळी पुष्कर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोलिसात कळवून झालं, नातेवाइकांना तारा झाल्या, सुधाकरजींना विचारून झालं. त्या बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी आई अमिताला घेऊन खजराना गणपतीला गेली. तिथली रीत तुम्हाला ठाऊक असेल. मंदिराच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढायचं, मागणं मागायचं, आणि ते पुरं झालं की येऊन सरळ स्वस्तिक काढायचं. आईने उलटं स्वस्तिक काढलं आणि साखर सोडली. साखरेशिवाय चहाचा घोट न घेणारी बाई म्हणाली, "पुष्कर घरी येईपर्यंत साखर नाही." मग तिने मुलीकडे पाहिलं. "तूही काहीतरी सोड ग. आवडीचं सोडावं लागतं, तेव्हा देव ऐकतो."

अमिताने क्षणभर विचार केला. तिच्या आवडीचं असं त्या वेळी जगात एकच होतं आणि ते तिच्या दप्तरात होतं.

"दादा आल्याशिवाय मी ती कॅसेट ऐकणार नाही," ती म्हणाली.

मी दप्तरात होते. मी ओरडले असते हो! पण आमची जात अशी की कोणी फिरवल्याशिवाय आम्हाला आवाज नाही.

याहून वाईट पुढेच आहे. आठव्या दिवशी दिवाकररावांनी स्वतः कपाट उघडलं. टू-इन-वन काढून टेबलावर ठेवला, पंच्याने पुसला आणि अमिताकडे न बघता म्हणाले, "ऐक, काय ते तुझं. त्याने दिलंय ना?" त्या माणसाचा राग कधीच उतरला होता.

"नाही बाबा. नवस आहे," अमिता म्हणाली.

त्यांनी यंत्र तसंच टेबलावर राहू दिलं. देवाच्या कामात कोण मध्ये पडणार?

ती दिवाळी आली आणि गेली. घरात आकाशकंदील लागला नाही. सुरतेत कोणीतरी रोज पोस्टमनची वाट बघत होतं, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

पुढची वर्षं भराभर सांगते, सांगण्यासारखं त्यांत फार नाही. दिवाकरराव रोज संध्याकाळी पायी स्टेशनवर जायचे आणि गाडीतून उतरणारी माणसं बघून परत यायचे. गिरणी बंद पडल्यावर ते दुपारीही जायला लागले. ते गेले तेव्हा त्यांच्या खिशात प्लॅटफॉर्मचं तिकीट निघालं. अमिताचं लग्न झालं, ती सुदामानगरात राहायला गेली. शालूच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, मी तिच्या कपाटात राहिले. वर्षातून एकदा, पुष्करच्या वाढदिवसाला, ती मला काढायची, पुसायची आणि परत ठेवायची. माझी फीत आतल्या आत सुकत होती.

आई शेवटी अमिताकडेच होती. एकतीस वर्षं तिने चहा कडूच प्यायला. गेल्या मार्गशीर्षात डॉक्टरांनी, हवं ते द्या, असं सांगितलं, तेव्हा अमिताने तिच्या चहात चमचाभर साखर घातली. म्हातारीने एक घोट घेतला आणि डोळे मोठे करून विचारलं, "पुष्कर आला का?"

तिने कप बाजूला सारला. दोन दिवसांनी ती गेली.

यंदा चैत्रात अमिताने मला काढून टेबलावर ठेवलं. तिची मुलगी उर्वी कॉलेजात शिकते.

"आता कोणासाठी धरून बसू ग?" अमिता तिला म्हणाली. "देवाने नाही ऐकलं, तर मीच ऐकते."

उर्वीने माळ्यावरून आजोबांचा टू-इन-वन काढला आणि आम्हा दोघांना जेल रोडवरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेलं. त्याने यंत्राचा पट्टा बदलला, आणि मला उघडून फीत दाबून धरणारा माझा पडलेला फेल्टचा तुकडा परत चिकटवला. मी त्याला दुवा दिला. पण तो उर्वीला म्हणाला, "बेटा, टेप सूख गई है. एक बार आराम से सुन लो. दुबारा की गारंटी नहीं."

आणि एका दुपारी, बत्तीस वर्षांनी, मी पहिल्यांदा गायले.

अमिता खुर्चीच्या कडेवर बसली होती. आधी खालच्या सुरातल्या गिटारचा जाड ठोका, मग टाळ्या, मग त्या बाईचा आवाज आला. अमिता चकितच झाली. "अगं, ही चाल अशी आहे?" ती म्हणाली आणि हसली. "मी तर भलतंच गात होते!" तिने आपली सतराव्या वर्षीची चाल उर्वीला गाऊन दाखवली. दोघी हसून लोळल्या.

"आई, कसलं भारी आहे यार हे! एकदम मस्त," उर्वी म्हणाली.

तिसरं गाणं संथ होतं. बाईच्या मागे चार-पाच जणी हळूच सूर धरतात आणि ती एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी अधिक मोडत म्हणते. अमिताला शब्द नीट कळत नव्हते. तरी तिने पदर तोंडाला लावला. गाणं चांगलं होतं, आणि ते दादासोबत ऐकायचं होतं.

उर्वीने मला उलटवलं. दुसऱ्या बाजूला पाचव्या गाण्यात मला दम लागला आणि बाईचा आवाज पुरुषासारखा घोगरा झाला. मी घाबरले. आता तुटायचं नाही, असं स्वतःला बजावत राहिले. शेवटचं गाणं नुसतं पियानोवर होतं. तेही संपलं. मग सरसर, कोऱ्या फितीची.

"झालं," उर्वी म्हणाली आणि तिचं बोट बटणाकडे गेलं.

"राहू दे," अमिता म्हणाली. "दादा म्हणाला होता, शेवटपर्यंत."

"अमे, सुन," पुष्कर बोलला.

मी पुष्कळ आवाज ऐकलेत, पण अमिताच्या तोंडून जो निघाला तसा नाही. पहिल्या वेळी सांगितलेला पत्ता दोघींनाही ऐकूच आला नाही. दुसऱ्या वेळी उर्वीने तो वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतला. "मग मी कोणाला त्रास देणार नाही, कधीच," तो म्हणाला. आईला सांग, जेवतोय म्हणून, असं म्हणाला. आणि थांबला. उर्वीने बटण दाबलं.

अमिता म्हणाली, "तो यावा म्हणून मी ऐकलं नाही. आणि तो मी ऐकावं म्हणून थांबला होता."

दोघी सुरतेला जाऊन आल्या. मला नेलं नाही, पण उर्वीने वडिलांना सांगितलं ते मी ऐकलं. त्या पत्त्यावरच्या चाळीच्या जागी आता मोठं कापड मार्केट आहे. ऋषभचा पत्ता कोणाला ठाऊक नाही. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या इस्त्रीवाल्याला मात्र आठवत होतं. "हाँ, इंदौरवाला लड़का. रोज़ डाकिये को रोकता था. दिवाली के बाद भी पंद्रह दिन रुका. फिर सामान उठाया और निकल गया. किधर, बोला नहीं."

परत आल्यावर अमिता त्याच टेबलाशी बसली. मी यंत्रात तशीच होते, पुष्करचा आवाज संपतो त्या ठिकाणी. तुटेन या भीतीने कोणी मला हलवलं नव्हतं. पाठीवरच्या खाचेवर त्याने चिकटवलेला कागदाचा तुकडा अजून होता. अमिताने त्याच्यावरून बोट फिरवलं आणि दोन बटणं एकदम दाबली, आवाज भरायचं लाल आणि त्याच्या शेजारचं.

"दादा, अमी बोलतेय. बाबा 'ये' म्हणाले होते रे. तोंडाने नाही, पण म्हणाले होते. रोज स्टेशनवर यायचे तुला घ्यायला. आईने साखर सोडली होती. मी पत्र टाकलं नाही, कारण मी ऐकलंच नव्हतं. तू यावास म्हणूनच ऐकलं नव्हतं. तू जिथे असशील तिथून..."

इथे माझी फीत संपली. खट् करून बटण वर आलं. अमिता त्यानंतरही बोलत होती. ते माझ्याकडे नाही.

आता मी पुन्हा कपाटात आहे. शालू नाही, वरच्या खणात एकटी. मला पुन्हा लावू नका, मी तुटेन. पण तुमच्या गावात त्रेपन्न-चौपन्न वर्षांचा एखादा माणूस असेल, इंदूरचं नाव निघालं की गप्प होणारा, पिवळ्या कोटातल्या बाईचं एखादं गाणं गुणगुणणारा, तर त्याला एवढा निरोप द्या. अमीने ऐकली म्हणावं. शेवटपर्यंत ऐकली.