किरणं उतरवणारा बाबा

सायखेड्याच्या नदीकाठी त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. द्राक्षतोडणी ऐन भरात, तरी अर्ध्या बागा ओस पडलेल्या. पेठ-सुरगाण्याकडून तोडणीला आलेले मजूर, त्यांच्या बायका, गावातले रिकामटेकडे, दोन-चार चांगले शिकलेले बागायतदारसुद्धा मांडवात मांडीला मांडी लावून बसले होते. समोर चौरंगावर किरणानंद महाराज. भगवी कफनी, काळा चष्मा आणि हातात एक यंत्र.

होय, यंत्र! चिमटा-त्रिशूळ आता जुना झाला. बाबालोकही काळाबरोबर चालतात.

"या, रिकामे होऊन जा!" महाराजांनी हाक दिली.

एक म्हातारा पुढे सरकला. शिष्याने त्याच्या कपाळावर ताटलीतल्या अंगाऱ्याचं जाड बोट ओढलं. महाराजांनी यंत्र कपाळाजवळ नेलं आणि ते कडकडायला लागलं. कट्-कट्-कट्-कट्! बाया तोंडाला पदर लावून मागे सरल्या.

"ऐका, ऐका! अणू बोलतायत! समुद्राकाठचं विष याच्या मेंदूत बिऱ्हाड करून बसलंय!"

मग महाराजांनी डोळे मिटले, 'ओम् अणवे नमः, परमाणवे नमः' असलं काहीबाही पुटपुटले, तांब्यातलं तीर्थ कपाळावर शिंपडलं, ओल्या फडक्याने खसाखसा पुसलं, फडकं बादलीत टाकलं आणि यंत्र पुन्हा लावलं. गप्प! एखादी टिक् वाजली असेल, पण तेवढी तर कुठेही वाजते.

"गेले!" महाराज गरजले, आणि मांडव टाळ्यांनी दणाणला.

मी मागच्या खांबाला टेकून उभी होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

मी सरोजिनी. नाशिकला इंदिरानगरात राहते, उभा जन्म कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्यात गेला. गौरांग हा माझा जुना विद्यार्थी, आता इथे जवळच डॉक्टर आहे. सकाळी त्याचाच फोन आला होता. "मॅडम, किरण मोजायचं तुमचं यंत्र घेऊन या. नाहीतर एक बाई हातची जाईल."

ती बाई म्हणजे रोशनी. द्राक्षं तोडायला आलेल्या ललितची बायको. सातवा महिना संपत आलेला, पाय सुजून खांब झालेले, रक्तदाब चढलेला, डोळ्यांपुढे अंधारी. तिला त्याच दिवशी दवाखान्यात भरती करायला हवं होतं. आणि महाराजांनी फर्मान काढलं होतं की दवाखान्यातल्या यंत्रांतून किरणं सुटतात, पोटातलं पोर आधीच किरणांनी भरलंय, तिकडे गेली तर आई आणि लेकरू दोघंही जळतील. अमावास्येपर्यंत मांडवात राहायचं आणि रोज अंगारा घातलेलं तीर्थ प्यायचं.

ही किरणांची भीती या डोंगरातल्या माणसांच्या डोक्यात शिरली कशी? तर हे लोक पावसाळ्यानंतर समुद्राकाठी बांधकामाला गेले होते. तिथे वापरून झालेलं अणुइंधन पाण्याच्या खोल हौदांत ठेवतात. अशा जागी अधूनमधून आपत्तीची रंगीत तालीम करतात. भोंगा वाजवायचा, दारं बंद करायची, माणसं मोजायची, काहींना किरण लागलेत असं धरायचं आणि त्यांना तपासून, धुऊन काढायचं. चांगली पद्धत आहे, व्हायलाच हवी. त्या दिवशी 'किरण लागलेल्यां'त ललितला घेतलं. त्याच्या मनगटावर लाल पट्टी बांधली, पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी त्याला तपासलं, आंघोळ घातली, जेवू घातलं आणि ट्रकमध्ये बसवलं. हा नुसता सराव होता, हे इंग्रजीत आणि हिंदीत पुकारलं म्हणे. तेही भोंग्याच्या आवाजात. याच्या कानापर्यंत आलं फक्त 'खतरा'.

आणि जाताना ती पट्टी कोणी सोडलीच नाही.

तुम्ही-आम्ही कात्रीने कापून फेकली असती. पण ललितच्या लोकांत ज्याने दोरा बांधला त्यानेच तो सोडायचा असतो. तोवर आजार अंगात आहे असंच धरतात. त्यामुळे तो महिनोन्महिने ती पट्टी मिरवत फिरला आणि त्याच्या हातचं पाणी कोणी पीत नव्हतं. अशा भुसभुशीत जमिनीत हा बाबा उगवला.

आता माझं सांगते. मी तिथे समाजसेवा करायला उभी नव्हते. 'रिकामे होऊन जा' हे शब्द मी पूर्वी ऐकले होते. माझी धाकटी बहीण आभा. गळ्यातल्या ग्रंथीचा कर्करोग, पण बरा होणारा. डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीनचा डोस द्यायचं ठरवलं होतं. तेव्हा हाच माणूस शर्ट-पँट घालून नाशिक रोडला 'ऊर्जागुरू' म्हणून बसायचा. "दवाखाना तुमच्या अंगात विष ओततो. माझ्याकडे या, रिकामे होऊन जा," असं सांगून त्याने तिला उपचार सोडायला लावले, तांब्याचा पत्रा गळ्यात बांधला. आभा गेली. मेल्याने तेव्हा दुकान बंद करून पळ काढला, आणि आज त्याच किरणांच्या नावाने नवं थाटून बसला होता. चष्म्याआड लपला तरी आवाज कुठे लपवणार!

"थांबा!" मी ओरडले. गौरांगने माझा हात धरला, मी तो झिडकारला. "तुमच्या यंत्रात कुठेतरी कळ दडवलीय. हे माझं यंत्र. हे लावून दाखवा!"

महाराज साखरेत घोळल्यासारखे हसले. "या ना ताई, लावा. तुमच्याच हाताने लावा."

त्यांनी रोशनीला पुढे बोलावलं. शिष्याने तिला अंगारा लावला. मी माझं यंत्र, माझ्या कॉलेजातलं, माझ्या विश्वासाचं, तिच्या कपाळाजवळ नेलं.

कट्-कट्-कट्-कट्!

माझ्याच यंत्राने भर मांडवात माझ्या थोबाडीत दिली.

"बाईच्या मशीनलाबी दिसलं रं!" कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

"ताई, विज्ञान आमच्या पायाशी येतंच," महाराज म्हणाले. "जरा उशिरा येतं, इतकंच."

रोशनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजे माझं पोर खरंच..." एवढंच म्हणाली ती. सूड उगवायच्या घाईत मी तिची उरलीसुरली आशाही घालवली होती. मी मांडवाबाहेर जाऊन शेताच्या बांधावर बसले.

ललित पाण्याचा तांब्या घेऊन आला. लाल पट्टीचा हात मागे लपवत म्हणाला, "माझ्या हातचं चालंल का, मॅडम?"

मी घटाघटा प्यायले. त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तिकडे तुला तपासलं तेव्हा कपाळच तपासलं का रे?"

"नाय ओ. तळहात, तळपाय, मंग बाकीचं. मंग पुसलं. पुसलेलं फडकंबी मशीनला दाखवलं."

मी ताडकन उठले. फडकं! हा बाबा कधीच हात तपासत नव्हता, पाय तपासत नव्हता. फक्त कपाळ, तेही अंगारा लावल्यावर. आणि पुसलेलं फडकं लगेच बादलीत! मी कळ शोधत बसले यंत्रात, आणि ती होती ताटलीत. देवाघरचा अंगारा म्हटल्यावर त्याच्यावर संशय घ्यायचं आपल्याकडे कोणाच्या मनात येतं? माझ्याही आलं नाही.

मी परत मांडवात घुसले. या वेळी ओरडले नाही. रोशनीचा तळहात धरला, यंत्र लावलं. गप्प. तळपाय. गप्प. पोटाशी नेलं. गप्प. कपाळाशी नेलं, कडकडाट. मग माझ्या रुमालाने तिचं कपाळ स्वच्छ पुसलं आणि यंत्र लावलं. गप्प! आता रुमालाला लावलं.

कट्-कट्-कट्-कट्!

"बघा!" मी म्हणाले. "किरणं हिच्या कपाळात नाहीत, कपाळावर होती. आणि ती लावली कोणी?"

मी सरळ चौरंगापाशी गेले आणि यंत्र अंगाऱ्याच्या ताटलीवर धरलं. ते असं पिसाळलं की पुढचे लोक उठून मागे पळाले.

"पळू नका. हात धुवा आणि ऐका. पूर्वी वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालायचे, आठवतं? त्या बत्तीच्या जाळीत थोरियम नावाचा पदार्थ असायचा. तो आपसूकच किरण सोडतो. आम्ही कॉलेजात हीच जाळी ठेवून पोरांना किरण मोजायला शिकवतो. ही जाळी जाळून चुरली की झाला यांचा अंगारा! लावला की यंत्र बोलणार, पुसला की गप्प बसणार. यात मंत्राचं काम काय?"

गौरांगने तोवर महाराजांची जीप उघडली होती. आत जाळ्यांची पाकिटं खच्चून भरलेली. शिष्य निसटत होता, त्याला बागेतल्या मजुरांनी धरलं.

"खोटं! हे पवित्र भस्म आहे!" महाराज किंचाळले.

मला हेच हवं होतं. "कपाळाला लागलं तर फारसं बिघडत नाही, धुऊन जातं. पण पोटात घालायची ही चीज नव्हे. तुम्ही तर रोशनीला रोज पाजता." मी पेल्यात तीर्थ ओतलं, चिमूटभर अंगारा टाकला आणि त्याच्यापुढे धरला. "पवित्र आहे ना? घ्या."

"माझा... माझा आज उपवास आहे."

"तीर्थानं उपास मोडत नाय, मेल्या!" रोशनीची सासू चिमणाबाई कडाडली. "पी की!"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सगळ्यांनी पाहिलं. त्याला माहीत होतं. पोटुशी बाईला तो काय पाजत होता, हे त्याला पक्कं माहीत होतं.

रोशनी चौरंगाला धरून उठली. "डॉक्टर, गाडी काढा," म्हणाली. गौरांग तिला आणि चिमणाबाईला घेऊन नाशिकच्या दिशेने सुटला.

मागे राहिलेल्यांनी बाबाला खाली पाडलं आणि कोणीतरी त्याचा जबडा पकडला. पेला माझ्याच हातात होता. खरं सांगते, तो घोट त्याच्या घशाखाली उतरताना मला बघायचा होता. मी वाकून विचारलं, "आभा आठवते का? नाशिक रोड?"

"कोण आभा?" तो म्हणाला.

त्याला नावसुद्धा आठवत नव्हतं. पण पेला मी खाली ठेवला आणि झाकला. तो पोलिसांना द्यायचा होता, जादूटोणाविरोधी कायद्याखाली केस उभी करायची होती, आणि पाजला असता तर त्याच्यात नि माझ्यात फरक काय उरला असता?

फुकट मात्र सोडला नाही हं! पोलिसांना फोन लावला आणि ते येईपर्यंत मी सगळ्या मांडवाची रांग लावली. त्याचंच फडकं त्याच्या हातात दिलं. एकेकाचं कपाळ त्याने पुसायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "हे मीच लावलं होतं." पहिल्यांदा तो पुटपुटला. "ऐकू नाही आलं, महाराज," मी म्हणाले. मग आवाज फुटला. म्हाताऱ्याला, पोरांना, त्या शिकलेल्या बागायतदारांनाही तो सांगत गेला, "हे मीच लावलं होतं." शेवटी घसा बसला. मी यंत्र धरून शेजारी उभी होते आणि मला फार बरं वाटत होतं.

रोशनीला मुलगी झाली. वेळेआधी, एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली, पण मुठी आवळून रडणारी. पोटात गेलेल्या अंगाऱ्याने पुढे काही त्रास होतो का, यासाठी तिची नि आईची तपासणी चालू राहील, असं गौरांगने स्पष्ट सांगितलं. खोटा धीर देणं बाबांचं काम.

सराव करणाऱ्यांनो, सराव जरूर करा. पण संपला की मजुराजवळ जाऊन त्याच्या बोलीत सांगा की संपला, आणि बांधलेलं सोडा. तुम्ही अर्धवट सोडलेली भीती पुढचा भोंदू उचलतो. आणि बाकीच्यांनो, चमत्कार दिसला की एवढंच करा. हात जोडायच्या आधी पुसून बघा, आणि पुसलेलं फडकंही तपासा. जो तपासू देत नाही, त्याच्या दारात उभं राहू नका.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ललितने मनगट माझ्यापुढे धरलं. "मॅडम, बांधणारे काय आता येत नाय. तुम्हीच सोडा."

"मी नाही," मी म्हणाले. "ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, हा नियम बांधणाऱ्याच्याच सोयीचा. हात तुझा आहे."

त्याने मनगट तोंडाशी नेलं. मग दातांनी गाठ सोडली, पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात धुऊन पोरीला बघायला आत गेला.