डोक्यावर उभे राहिलेले मोर

लग्न होऊन या घरात आले तेव्हा वाटलं होतं, महिन्याभरात हातात कुंचला येईल. आला तो खल. सासूबाई आणि आत्याबाई, म्हणजे मामंजींची बहीण, दोघी शालींवर मोर रंगवायच्या आणि मी त्यांच्यासाठी रंग घोटायची. त्या खोलीचा वास अजून नाकात आहे. ओली लोकर, डिंक आणि वाफ.

आमच्या शालीचा उभा धागा रेशमाचा आणि आडवा लोकरीचा. रंग पातळ झाला की रेशमावरून पळ काढायचा, घट्ट झाला की लोकरीवर ठाण मांडून बसायचा, आगंतुक पाहुण्यासारखा. दोघांना एकत्र नांदवायचं म्हणजे घोटणारीची परीक्षा. मुख्याध्यापिकाबाईंच्या शालीचे रंग सासूबाईंनी पहिल्यांदाच सगळे माझ्यावर सोपवले आणि बजावलं, "बाईंना शाल पसंत पडली तर कुंचला तुझा. नाही पडली तर बस घोटत आणखी वर्षभर."

बाई निवृत्त होणार होत्या. निरोप समारंभाला हीच शाल पांघरून त्या मंचावर जाणार होत्या.

नेमका तेव्हाच दोघींचा अबोला सुरू झाला. सासूबाई शेजारणीसमोर म्हणाल्या, "वन्संचे मोर जरा कोंबड्यांवर जातात." आत्याबाईंनी आतून ऐकलं. म्हणाल्या, "माझे निदान पक्ष्यांवर तरी जातात. वहिनींचे फुलकोबीवर जातात."

झालं. तिथून पुढे सगळं बोलणं माझ्यामार्फत.

"सूनबाई, विचार त्यांना, निळा उरलाय का?"

"सांग त्यांना, निळा उरलाय. मागायची रीत उरली नाही."

मामंजी वर्तमानपत्र आणखी उंच धरायचे.

आता आमची बसायची पद्धत सांगते, कारण घोळ तिथेच झाला. शाल रंगवायची ती दोन्ही टोकांना. मधला भाग कोरा. तो गुंडाळून दोन टेबलांच्या मध्ये ठेवायचा आणि दोघींनी दोन्हीकडच्या बाहेरच्या टोकांना, समोरासमोर बसायचं. म्हणजे मोराचे पाय झालरीकडे आणि पिसारा मध्याकडे. शाल खांद्यावरून पुढे सोडली की दोन्हीकडचे मोर ताठ उभे.

पण समोरासमोर बसायचं तर तोंड दिसतं. आत्याबाईंनी आपलं स्टूल उचललं, टेबलाच्या आतल्या टोकाला आणून ठेवलं आणि सासूबाईंकडे पाठ करून रंगवायला बसल्या. टेबलावर सगळे मोर एकाच दिशेला माना करून, शाळेच्या रांगेसारखे शिस्तीत दिसत होते. कुणाला काही खटकलंच नाही.

वाफ देऊन रंग पक्के झाले. शाल धुतली, वाळवली, इस्त्री केली. बाई यायच्या त्या सकाळी सासूबाईंनी ती माझ्या खांद्यांवर टाकली, दोन्ही टोकं पुढे सोडली, चार पावलं मागे सरकल्या आणि त्यांचा हात तोंडावर गेला. माझ्या उजव्या बाजूचे मोर दिमाखात उभे. डाव्या बाजूचे सगळेच्या सगळे डोक्यावर.

"विचार त्यांना, हे काय करून ठेवलंय?"

आत्याबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "सांग त्यांना, मोर सरळ आहेत. सूनबाई उलटी उभी आहे."

"विचार, तोंड फिरवून बसायला कुणी सांगितलं होतं?"

"सांग, समोरच्या तोंडाने."

पक्का झालेला रंग काही केल्या निघत नाही. मला डोळ्यांपुढे खल दिसायला लागला, आणि त्यामागे आणखी एक वर्ष. रडू लपवायला मी मान खाली घातली. बघते तर काय, डाव्या बाजूचा मोर सरळ उभा राहून माझ्याकडे बघत होता! उजवीकडचा माझ्या दृष्टीने उलटा. मान वर करते तोच दाराची कडी वाजली.

बाई आत आल्या. शाल अजून माझ्याच अंगावर. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "निम्म्या मोरांना चक्कर आलीय का?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. उत्तरही माझ्यामार्फतच जायचं होतं जणू. मी शाल काढली आणि बाईंच्या खांद्यांवर नीट घातली.

"बाई, उजवीकडचे मोर बघणाऱ्यांसाठी. डावीकडचे तुमच्यासाठी. जरा खाली बघा ना."

बाईंनी मान झुकवली. डावीकडच्या मोरावरून बोट फिरवत राहिल्या. सासूबाई पदराचं टोक पिळत होत्या.

"जन्मभर पोरांच्या वह्या टेबलाच्या पलीकडून उलट्याच वाचल्या मी," बाई शेवटी म्हणाल्या. "माझ्या बाजूने सरळ कुणी उभं राहिलंय ते आजच." मग हसल्या. "आणि आमच्या अध्यक्षांची भाषणं तुम्ही ऐकलेली नाहीत. तेवढा वेळ मला बघायला काहीतरी झालं."

शाल घडी न करता, तशीच अंगावर घेऊन त्या गेल्या.

दार लागताच सासूबाईंनी आपला कुंचला माझ्यापुढे धरला. "घे. दिला शब्द पाळते मी."

दुसऱ्या बाजूने आत्याबाईंचा कुंचला पुढे आला. "हा घे, सूनबाई. बाईंचा जीव माझ्या मोरांवर जडला."

"वन्सं, शब्द मी दिलाय, शिकवणार मी!"

"वहिनी, फुलकोबीच शिकायची असती तर पोर मळ्यात गेली असती!"

मामंजींनी वर्तमानपत्र खाली घेतलं. मी हलले नाही. दोघी एकमेकींशी बोलत होत्या, थेट, तोंडावर, चांगल्या कडाडून.

मी हळूच दोन्ही कुंचले काढून घेतले, त्यातला बारीक निवडला आणि चिंधीवर एक पान रंगवलं. आयुष्यातलं पहिलं.

"देठ जाड झाला," सासूबाई म्हणाल्या.

"देठाला काय झालंय? टोक बोथट आहे, वहिनी."

"टोकाकडे बघायच्या आधी देठ बघावा, वन्सं."

मी दुसरं पान काढलं, मग तिसरं. त्यांचं अजून पहिल्यावरच चाललं होतं.