नाव घातलेली वाटी

"घ्या वहिनी, तुमची वाटी. रिकामी कशी द्यायची, म्हणून साखर घातलीय," निशिकांत दारात उभा राहून म्हणाला. सार्सच्या साथीमुळे लावलेला मास्क त्याने हनुवटीवर ओढला होता.

पाडव्याला याच वाटीतून मी त्याच्याकडे श्रीखंड पाठवलं होतं. आईने लग्नात दिलेल्या जोडीतली ही एक, काठावर माझं नाव घातलेलं. जोडीतल्या दुसरीवर चमचा वाजवला की सिंगापूरच्या बेडोकमधल्या आमच्या ब्लॉकखालची मांजरं धावत यायची. काल संध्याकाळी मात्र एकही आलं नव्हतं.

"खालची मांजरं दिसली का हो?" मी विचारलं.

"अहो, तेच सांगायला आलो. झालं एकदाचं काम! मांजरं पकडायला आलेल्या पिंजरेवाल्यांना एकही सापडेना. मग मला तुमची वाटी आठवली. काल दुपारी तुम्ही ऑफिसात होतात तेव्हा ही दिली त्यांना वाजवायला. काय सांगू, एकामागून एक आपण होऊन पिंजऱ्यात!"

काठावर चमच्याचे ताजे चरे होते.

ऑफिसातली हिशेबाची कामं उरकून, सुट्ट्या घालवून मी या मांजरांची ऑपरेशनं करून आणली होती. डॉक्टर तेव्हाच डाव्या कानाचं टोक कापायचे, म्हणजे हिला आता पिल्लं होणार नाहीत हे कोणालाही लांबून कळावं. गटारात पिल्लं सापडणं बंद झालं होतं. सार्स आला आणि तो मांजरांमुळे पसरतो या समजुतीने सगळ्यांना त्यांची भीती वाटायला लागली. तेव्हा ब्लॉकच्या कमिटीवर असलेल्या याच निशिकांतने मला शब्द दिला होता, कान कापलेल्यांना हात लावणार नाही.

"कान कापलेलीसुद्धा नेली?"

"तीच तर आली! बाकीची रानटी, ती कसली येतायत? आणि कमिटीत ठरलं, सरसकट सगळीच काढायची. मी एकटा काय करणार? पण त्रास नाही हो झाला त्यांना. एक इंजेक्शन, संपलं."

मला त्याची किळस आली. त्याच्या त्या समजूतदार आवाजाची, त्या स्वच्छ घासलेल्या वाटीची, साखरेची. आणि माझीसुद्धा, कारण माणसाच्या हाकेला यायला त्यांना मीच शिकवलं होतं.

"हात पुढे करा," मी म्हणाले. प्रसाद घ्यावा तशी त्याने ओंजळ पुढे केली. मी साखर तिच्यात ओतली आणि दार लावलं.

संध्याकाळी भात-मासळी घेऊन खाली गेले. जिन्याखाली एक काळी मांजर बसली होती. दोन्ही कान शाबूत, पोट टम्म फुगलेलं. ही माझ्या हाती कधीच लागली नव्हती. सवयीने मी चमचा वाजवला, तशी ती बिचकून गटारात पळाली.

आता मी खाणं कागदावर ठेवते. आवाज करत नाही, थांबतही नाही. लिफ्टचं दार लागेपर्यंत ती बाहेर येत नाही, आणि ते बरंच आहे.