काठावरचा दगड

“आजी, ह्या दोन खळग्यांत पूर्वी दिवे लावायचे ना?” ऋतुजाने विचारले. तिची वही उघडीच होती.

“हो. दिवेच,” मी म्हणाले.

तीन महिने गाळ उपसल्यावर बोरीची बारव मोकळी झाली होती. ऋतुजा परभणीच्या कॉलेजात इतिहास शिकवते. पाणी भरणाऱ्या बायकांचा इतिहास बारवेच्या काठीच, एखाद्या बाईच्याच तोंडून सांगितला जावा, हा तिचा आग्रह. सांगण्यासारखी मी एकटी उरले होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बसम्माचा शब्द खोडून काढील, असे गावात कोणी नव्हते.

नागसेन मास्तर शेजारीच उभा होता. गाळ उपसायला सर्वांत आधी तोच उतरला होता. त्याने माझ्याकडे पाहिले, टोपले उचलले आणि तो निघून गेला.

रविवारी सकाळी गाव जमले. काठावरच्या दगडाच्या खळग्यांत दोन दिवे तेवत होते. माझा मुलगा शिवप्रकाश पाहुण्यांच्या रांगेत बसला होता. खुर्चीवर ताठ बसून मी सांगू लागले. पंधराव्या वर्षी मी या गावची सून झाले. डोईवर दोन घागरी, काखेत कळशी. कोणत्या घरची बाई कोणत्या पायरीवर, हे ठरलेले असे.

“अन् सासूच्या कागाळ्या कोणत्या पायरीवर व्हायच्या, ते बी सांगा की!” कस्तुराबाईने मध्येच टोमणा मारला.

“तिसऱ्या. तुझ्या सासूचीच जागा ती.”

सगळ्या बायका हसल्या. मागे उभा असलेला नागसेनही हसला. त्याचे ते हसणे मला सोसवेना.

“उचला ते दिवे,” मी म्हणाले.

“आजी?” ऋतुजा गोंधळली.

“मी खोटं सांगितलं, पोरी. घागरी टेकवून टेकवून पडलेत हे खळगे. नागसेनची आजी, लक्ष्मीबाई, इथं बसायची. तिच्या जातीला पायऱ्या उतरायची बंदी होती. आमच्यातली कुणी वर येऊन पाणी ओतीपर्यंत बसून राहायचं.”

मग उरलेलेही मी सांगून टाकले. शिवकन्येच्या जन्माच्या वेळी मी दोन दिवस अडले होते. लक्ष्मीबाईनेच मला सोडवले. माझ्या लेकीला पहिला हात तिचा लागला. सव्वा महिन्याने मी पाण्याला आले, तेव्हा ती याच दगडावर बसली होती. शिंतोडा अंगावर येऊ नये म्हणून मी हात उंच धरून तिच्या घागरीत पाणी ओतले. गळ्यात लिंग, तोंडी जातपात न मानणाऱ्या शरणांची वचने, आणि हात तेवढा उंच.

टाळ्या वाजल्या नाहीत.

“झाकलेलं कशाला उकरायलीस, आई?” शिवप्रकाश जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला. “पाव्हण्यांपुढं घराची लाज काढलीस.”

पाहुण्यांचा फराळ आमच्याकडे होता. त्यांना जीपमध्ये बसवून शिवप्रकाश निघून गेला. ऋतुजाही त्यांच्यासोबत गेली. बायका दोघी-तिघी मिळून, हळू बोलत पांगल्या.

नागसेन विझलेले दिवे गोळा करीत होता.

“तुला ठाऊक होतं?” मी विचारले.

“व्हय. आजी सांगायची, बसम्माची धार लय सरळ. एक थेंब सांडायचा न्हाई.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

“घरी सोडू का तुमाला?”

“शिवप्रकाश येईल.”

त्याने मान डोलावली. खुर्च्या मंडपवाल्याच्या होत्या. त्या टेम्पोत चढू लागल्या, तेव्हा मी माझीही दिली आणि दगडावर बसले. टेम्पो गेला. नागसेनही गेला.

ऊन वर आले. पायऱ्यांवर कडुलिंबाची दाट सावली होती. या दगडावर मात्र ती कुठल्याच बाजूने पोहोचत नाही, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हते. मी पदर पुढे ओढला आणि रस्त्याकडे पाहत बसून राहिले.