कोमट पाण्यातला नाच

मित्रांनो, मी काचेच्या टाकीत राहणारा एक म्हातारा चिलखती मासा आहे. चिलखत म्हटल्यावर दचकू नका, मी तुमच्या बोटाएवढाच आहे. मला ओळखायचे असेल तर नीट बघा. माझ्या अंगावर खवले नाहीत. दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी आहेत. रंग राखाडी आणि त्यावर मिरपूड सांडल्यासारखे ठिपके. शिवाय मिशा! त्या लहानपणीच फुटल्यामुळे मी तेव्हापासूनच पोक्त दिसतो.

दुकानदाराने आम्हा भावंडांना पिशवीत भरून कपडे शिवणाऱ्या एका काकूंच्या हाती दिले. "हे कचरा खाणारे मासे. यांना वेगळं काही घालावं लागत नाही," असे तो म्हणाला. काकूंना ते मुळीच पटले नाही. "माझ्या घरात कुणी उष्ट्यावर जगणार नाही," असे म्हणून त्या रोज तळाशी बुडणारे दाणे टाकू लागल्या. टोकदार खडीने आमच्या मिशा झिजतात हे दिसल्यावर त्यांनी मऊ वाळू धुऊन अंथरली. शिलाई मशीनची खडखड सुरू झाली की आम्ही सगळे मिळून वाळू हुंगत फिरायचो. एकट्याने फिरणे आमच्या जातीला जमतच नाही. ते दिवस फार सुखाचे होते.

मग थंडी पडली. काकू शाल गुंडाळून मशीनवर बसायच्या. एका सकाळी त्यांनी टाकीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"अगं बाई, गारठली की माझी लेकरं!"

त्याच दिवशी त्यांनी हीटर आणून लावला.

मित्रांनो, आम्हाला गारच पाणी मानवते. पाणी तापले की त्यातली हवा कमी होते. मग आम्हाला सारखे वर धावून तोंडाने हवा घ्यावी लागते. काकूंना वाटले, ऊब मिळाली म्हणून आम्ही खुशीत आलो. मापे द्यायला आलेल्या बायकांना त्या कौतुकाने बोलवायच्या, "बघा तरी, कशी नाचतायत!" बायका हसायच्या. आमचा मात्र जीव कासावीस झालेला असायचा.

आधी माझी धाकटी बहीण वाळूवर आडवी झाली. मग एकेक करून भाऊ गेले. काकूंना वाटले, थंडीच बाधली. त्यांनी हीटर आणखी वाढवला.

सासरहून आलेल्या त्यांच्या लेकीने माझे ठिपके आणि पट्ट्या पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिल्या. ती हळूच म्हणाली, "आई, हे गार पाण्यातले मासे आहेत गं. हा नाचत नाहीये, गुदमरतोय."

काकूंनी तिथल्या तिथे हीटर काढला. तोवर टाकीत मी एकटाच उरलो होतो.

आता पाणी गार आहे, वाळू मऊ आहे, दाणेही वेळेवर मिळतात. पण हुंगायला निघालो की शेजारी कुणी नसते. लेकीने कितीदा तरी सांगितले, "आई, याला सोबत आणू या." काकू दरवेळी मान हलवतात. "नको गं. माझ्या या हातांत आता कुणाचा जीव सोपवू नकोस."

मित्रांनो, कुणालाही घरी आणण्याआधी तो कोण आहे, त्याला काय मानवते, हे विचारून घ्या. नुसती माया पुरत नाही. आणि तुमच्यापैकी कुणी कपडे शिवायला आमच्या काकूंकडे गेलात, तर त्यांना माझा एक निरोप द्याल का? सांगा, मी रागावलेलो नाही. मला त्याच हातांनी सोबत आणून हवी आहे.