नितळ पाणी, काळी बाटली

माझी बायको भवानी गेली हे डॉक्टरांनी सकाळी सांगितलं. "कावीळ. पाण्यातून आली," एवढंच बोलले. तिला घेऊन चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या आमच्या गल्लीत आलो, तर गाडी आत शिरेना. स्वामींच्या मांडवापुढे कुडमांची, म्हणजे प्लास्टिकच्या घागरींची, रांग लागली होती.

दोन हजार चारचा उन्हाळा. पाण्याची लॉरी येईल तेव्हा यायची. विहिरीत उरलं होतं ते चहासारखं गढूळ. तेळिनीर स्वामी, म्हणजे नितळ पाण्याचे स्वामी, ते पिंपात घेत, पितळी टोकाच्या काठीनं सावकाश ढवळत आणि वर लाल कापड टाकत. भजनं संपून कापड निघालं की वरचं पाणी काचेसारखं. तळाच्या गाळाला स्वामी 'तुमची पापं' म्हणत.

"माझ्या फिल्टरला करंट लागत नाही! आणि हे पाणी उकळायचं नाही. गंगेला कधी कुणी स्टोव्हवर चढवलंय?"

लोक हसत आणि हात जोडत. भवानीनं उकळणं बंद केलं ते यावरून. मी दिवसभर फॅक्टरीत, पाणी तिथलंच प्यायचो.

तेराव्याला शेजारचे सत्यनारायण म्हणाले, "तीर्थ होतं म्हणून एवढ्या तरी टिकल्या, एकोजीराव."

पण सून विद्यालक्ष्मी सातव्या महिन्यात होती आणि तेच पाणी पीत होती. गरोदरपणातली कावीळ फार वाईट, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं होतं. मी तिला ते पाणी सोड म्हटलं.

"मामा, सगळ्याच पितात," ती म्हणाली. "मी एकटीनं सोडलं आणि बाळाला काही झालं, तर मलाच बोलतील."

मी शाळेत गेलो. कीर्ती टीचर सातारच्या, मुलांना विज्ञान शिकवायच्या. आठवीची मुलं घरोघरचं पाणी तपासत होती, हे मला ठाऊक होतं. औषध घातलेल्या छोट्या बाटल्या असत. पाणी भरून दिवसभर ठेवायचं. मैला मिसळलेला असेल तर बाटली काळी पडते. मी आमची गल्ली घ्या म्हटलं. मुलांनी प्रत्येक घरातून दोन बाटल्या भरल्या, एक तीर्थाची आणि एक तेच तीर्थ उकळून.

दुसऱ्या दिवशी मुलं बाटल्या घेऊन मांडवात आली. तीर्थाच्या जवळजवळ सगळ्या काळ्याकुट्ट. उकळलेली एकही नाही.

स्वामी डगमगले नाहीत. "पाहा! उरलेलं पापही बाटलीनं ओढून घेतलं!"

"मग उकळलेल्यातलं कुठे गेलं?" आठवीतल्या रेवानं विचारलं. "स्टोव्हनं खाल्लं?"

कुणीतरी फिसकन हसलं. टीचर म्हणाल्या, "स्वामी, आज आमच्या काठीनं ढवळा."

"मंत्र याच काठीत आहे."

स्वामी बोलत होते तेवढ्यात रेवानं काठीच्या ओल्या टोकाला बोट लावून ते जिभेवर ठेवलं.

"थुंक! आधी थुंक!" टीचर ओरडल्या.

रेवा थुंकली. तोंड वेडंवाकडं करत म्हणाली, "तुरटी! अप्पा दाढी झाल्यावर गालाला लावतात तीच!"

सत्यनारायणांनीच पुढे होऊन पितळी टोक पिरगाळलं. आत भोकं पाडलेली डबी आणि तुरटीचा खडा. मुलांनी सलूनमधून तुरटी आणली, बादलीभर गढूळ पाण्यात फिरवली. भजनं म्हटली नाहीत, नुसती थांबली. पाणी तसंच नितळ झालं.

तुरटी गाळ खाली बसवते, यात फसवणूक नाही. गाळ बसला म्हणजे रोग गेला, हे सांगणं ही फसवणूक. रोग डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तपासायचं. आणि तपासेपर्यंत उकळायचं, कुणीही काहीही सांगितलं तरी.

स्वामी संध्याकाळीच गेले. जवळच्या अंबत्तूरच्या बाजूला मांडव घातल्याचं नंतर कळलं. विद्यालक्ष्मीनं पातेलं स्टोव्हवर ठेवलं. "अत्तैंना हे आधी कळलं असतं तर," सासूच्या आठवणीनं म्हणाली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली.

मैला विहिरीत येतो कुठून, तेही मुलांनीच शोधलं. शेजारून जाणारी गटाराची नळी फुटली आहे. आम्ही अर्ज दिला, पुन्हा दिला. विद्यालक्ष्मीला मुलगी झाली, आता रांगते. नळी अजून फुटलेलीच आहे.